आयडलला इंजिनातून ‘सुस्स’ असा आवाज : गळती नेमकी कुठे शोधावी?

वैराटगड (सातारा) :

नमस्कार.

माझ्याकडे २०१४ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची हॅचबॅक आहे. गाडी पहिल्यापासून आमच्याच घरात असून ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग वेळच्या वेळी बदललेले आहेत. पावसाळा सरत आला तेव्हापासून बोनेटखालून, ड्रायव्हरच्या बाजूने, टायरमधून हवा सुटावी तसा ‘सुस्स’ असा बारीक पण सतत आवाज येतो. इंजिन सुरू करताच तो सुरू होतो आणि बंद करताच थांबतो. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो; ॲक्सिलेटर झटकन दाबला तर क्षणभर नाहीसा होतो आणि पाय काढला की परत येतो. एसी चालू-बंद केल्याने त्यात काहीही फरक पडत नाही.

आवाजाबरोबरच आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. आरपीएमचा काटा पूर्वी आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता इंजिन चालू असताना, ८०० च्या जवळ स्थिर असे. तो आता हजाराच्या वर राहतो आणि अधूनमधून हलतो. शिवाय ब्रेक लागोपाठ दोनदा दाबावा लागला, तर दुसऱ्या वेळी पेडल नेहमीपेक्षा घट्ट लागते, आणि पेडल दाबताना त्या आवाजाचा सूरही किंचित बदलतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी असतो आणि कूलंटची पातळी कमी झालेली नाही. मायलेज मात्र थोडे उतरले आहे.

एका गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून दिली, पण आवाज जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या गॅरेजमध्ये इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जोडातले, गॅस्केट गेले असावे, मॅनिफोल्ड उतरवावे लागेल, असे सांगितले; ते कशावरून, याचे उत्तर मात्र मिळाले नाही. खर्च करायला माझी हरकत नाही, परंतु बिघाड कुठे आहे हे कळल्यावरच तो करावा, असे वाटते. घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, हा आवाज कुठून येतो हे खात्रीने ठरवता येईल का? आणि दिवाळीत आई-वडिलांना घेऊन पाचगणीला जायचे ठरले आहे. गाडीच्या या अवस्थेत पसरणीचा घाट उतरणे सुरक्षित आहे का?

पाना-पक्कड (सांगली) :

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्रेकच्या बूस्टरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या कमी झालेल्या दाबावर, चालून पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) तपासणी होईपर्यंत ही गाडी घेऊन घाटात जाऊ नये. घट्ट लागणारे पेडल आणि ब्रेक दाबताना बदलणारा आवाज या दोन गोष्टी एकत्र आल्या की बूस्टर, त्याचा होज (रबरी नळी) किंवा होजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह यांच्यावरच पहिला संशय घ्यावा लागतो. आपण गॅस्केट बदलून घेतले असते तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला असता.

बूस्टरची परीक्षा घरासमोर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून करता येते. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबावे. आत साठलेला व्हॅक्यूम संपून ते दगडासारखे घट्ट होईल. आता पाय पेडलवर तसाच दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर आणि त्याचा होज ठीक असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली स्पष्टपणे थोडे खाली जाते. ते जागचे हलले नाही, किंवा फार सावकाश खाली गेले, तर बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही असे समजावे. दुसरी परीक्षा याच्या उलट आहे. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, एक-दोन मिनिटे थांबावे आणि मग पेडल दाबावे. चांगल्या बूस्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावरही दोन-तीन वेळा पुरेल इतका व्हॅक्यूम शिल्लक राहतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल मऊ लागते आणि पुढे क्रमाक्रमाने घट्ट होत जाते. पहिल्याच दाबाला ते घट्ट लागले, तर एकमार्गी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवत नाही किंवा बूस्टर स्वतःच गळतो आहे.

आता आवाजाविषयी. असा आवाज घेऊन गाडी आली की मी पहिली चौकशी एकच करतो : हवा आत ओढली जाते आहे की बाहेर फेकली जाते आहे? पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश एवढाच दाब उरतो. त्या अवस्थेत मॅनिफोल्डला जोडलेल्या कोणत्याही होजला चीर पडली असेल, तर बाहेरची हवा तिच्यातून जोराने आत घुसते आणि आवाज करते. थ्रॉटल झटकन उघडला की हा फरक क्षणभर मिटतो आणि आवाजही मिटतो. आपण वर्णन केलेले लक्षण तंतोतंत हेच आहे. याउलट बाहेर फेकणारी गळती, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅस्केटची किंवा टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पाइपची, इंजिनावर भार आला की वाढते. एक्झॉस्टची गळती बहुधा ‘सुस्स’ असा सलग आवाजही करत नाही. इंजिन थंड असताना टक-टक किंवा फस-फस असा तुटक आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो कमी होतो.

जागा शोधण्यासाठी फार काही लागत नाही. बोटाएवढ्या जाडीचा, हातभर लांबीचा रबरी पाइप घ्यावा. त्याचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक इंजिन चालू असताना एकेका होजवरून, प्रत्येक जोडावरून हळूहळू फिरवावे. नुसत्या कानाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, परंतु पाइपचे टोक चिरेच्या दोन इंचांच्या आत आले की तो एकदम मोठा होतो. पंखा आणि पट्टा यांपासून पाइप, बाह्या आणि ओढणी दूर ठेवावी, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो.

संशयाची जागा सापडली की साध्या पाण्याचा फवारा बारीक करून तिथे मारावा. चिरेवर पाणी पडले की ते क्षणभर आत ओढले जाते आणि आवाज बदलतो किंवा बुडबुडल्यासारखा होतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का ते पाहण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, परंतु तो द्रव पेटणारा असतो आणि तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच असते. घरी ती पद्धत वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. साबणाच्या पाण्याचे फुगेही इथे उपयोगाचे नाहीत. फुगे येण्यासाठी हवा बाहेर यावी लागते. आत ओढणाऱ्या चिरेवर साबणाचे पाणी नुसते गडप होते.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत विश्वासाची परीक्षा म्हणजे होज चिमटून पाहणे. पकडीच्या तोंडाला जाड फडके गुंडाळावे आणि मॅनिफोल्डकडून बूस्टरकडे जाणारा जाड होज, मॅनिफोल्डच्या अगदी जवळ, हलकेच दाबून बंद करावा. त्याच क्षणी आवाज थांबला आणि आरपीएम खाली आला, तर गळती त्या दाबलेल्या जागेच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला आहे. मग तोच होज बूस्टरच्या तोंडाजवळ दाबावा. आता आवाज चालूच राहिला तर दोष मधल्या होजमध्ये आहे. थांबला तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या तोंडावरच्या रबरी ग्रोमेटमध्ये आहे. होज दाबलेला असताना ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही, म्हणून ही परीक्षा गाडी हँडब्रेकवर उभी असतानाच करावी आणि फडके-पक्कड काढल्याखेरीज गाडी हलवू नये. होज वाळून कडक झाला असेल तर दाबल्याने तो आणखी चिरेल. पण तसा होज असाही बदलायचाच असतो.

बूस्टरचा होज निर्दोष निघाला तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातले वायू परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज, पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडे जाणारा बारीक पर्ज होज आणि थ्रॉटल बॉडीखालची रबरी रिंग याच क्रमाने पाहावे. मॅनिफोल्डचे गॅस्केट सर्वांत शेवटी. ते जाते, जात नाही असे नाही, पण तिथे पोहोचायला सगळ्यांत जास्त मजुरी लागते, म्हणून सोप्या जागा आधी संपवाव्यात.

रेषालेख (पुणे) :

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मी इंजिनाच्या कॅलिब्रेशनचे काम करतो, म्हणून त्यात थोडी भर घालतो, विशेषतः ‘चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, म्हणजे व्हॅक्यूम लीक नसणार’ असा जो समज पुष्कळ गॅरेजांमध्ये असतो त्याविषयी.

इंजिनात किती हवा येते हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, दोन प्रकारे ओळखतो. काही गाड्यांमध्ये एअर फिल्टरनंतर हवेचे वस्तुमान मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. थ्रॉटलच्या पुढे चीर पडली की तिथून शिरलेली हवा या सेन्सरला दिसतच नाही. तेवढे पेट्रोल कमी पडते, मिश्रण विरळ होते आणि ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) ही वाढ फ्युएल ट्रिमच्या टक्क्यांत दिसते. निरोगी इंजिनात हा आकडा शून्याच्या आसपास, सर्वसाधारणपणे अधिक-उणे पाच ते दहा टक्क्यांच्या आत असतो. आयडलला तो वीसच्या घरात आणि आरपीएम २५०० वर स्थिर ठेवल्यावर पुन्हा दहाच्या आत आला, तर व्हॅक्यूम लीक आहे असे जवळजवळ निश्चित म्हणता येते, कारण जास्त आरपीएमला इंजिन एकूणच पुष्कळ हवा घेते आणि चिरेतून येणारा वाटा त्या मानाने नगण्य ठरतो. ईसीयूची पेट्रोल वाढवण्याची मर्यादा संपली की पी ०१७१ हा, मिश्रण विरळ असल्याचे सांगणारा, कोड येतो आणि दिवा लागतो.

परंतु आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांमध्ये एमएएफ सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो आणि त्या दाबावरून ईसीयू हवेचा हिशेब करतो. इथे चिरेतून शिरलेली हवाही मॅनिफोल्डचा दाब वाढवते, म्हणून ती हिशेबात येते आणि तिच्या प्रमाणात पेट्रोलही सोडले जाते. मिश्रण बरेचसे योग्य राहते, दिवा लागत नाही, ट्रिमही फारसा बिघडलेला दिसत नाही. मात्र इंजिनाला गरजेपेक्षा जास्त हवा आणि जास्त पेट्रोल मिळाल्यामुळे आयडलचा आरपीएम चढतो. ईसीयू थ्रॉटल आणखी मिटवून आणि स्पार्क मागे घेऊन तो खाली आणण्याचा प्रयत्न करतो, त्या ओढाताणीत काटा हलतो आणि मायलेजही थोडे उतरते. प्रश्नकर्त्यांची सर्व लक्षणे या चित्रात चपखल बसतात. अशा गाडीत केवळ ट्रिम पाहून ‘लीक नाही’ असा निर्वाळा देणे चुकीचे ठरते. आयडलला थ्रॉटल किती उघडा आहे आणि मॅनिफोल्डचा दाब किती आहे, हे दोन आकडे पाहावेत. गरम इंजिनाला, एसी बंद असताना, हा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. गळती मोठी असेल तर तो चढलेला दिसतो.

चीर केवढी असली म्हणजे इतका परिणाम होतो, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. मॅनिफोल्डमधला दाब एका मर्यादेच्या (ही मर्यादा बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहून थोडी अधिक असते) खाली गेला, की भोकातली हवा आवाजाच्या वेगाने वाहू लागते. आपल्याला ऐकू येणारा सलग ‘सुस्स’ त्या प्रवाहाचाच असतो. अशा स्थितीत केवळ ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला एक ग्रॅमहून अधिक हवा आत जाऊ शकते, आणि १.२ लिटरच्या इंजिनाला आयडलला लागणारी सगळी हवा मिळून सेकंदाला दोन ग्रॅमच्या आसपास असते. नखाएवढी चीर आयडल बिघडवायला पुरेशी आहे, ती यामुळे.

घाटाविषयीही एक मुद्दा आहे. बूस्टरचा जोर हा बाहेरचा दाब आणि मॅनिफोल्डचा दाब यांच्यातील फरकावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल असतो, साताऱ्याला तो सुमारे ९३ आणि सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीला ८७ च्या जवळपास असतो. निरोगी गाडीत हा फरक पायाला जाणवतही नाही. पण होज गळत असेल तर आधीच तोकडी पडलेली मदत वर गेल्यावर आणखी कमी होते. दुसरीकडे, खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडून उतरताना मॅनिफोल्डमध्ये सर्वांत चांगला व्हॅक्यूम तयार होतो, म्हणून होज धड असेल तर घाट उतरताना बूस्टरला काहीच कमी पडत नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे लोक हा आधारच काढून घेतात.

भाट्ये (रत्नागिरी) :

डिझेल गाडी असलेल्या वाचकांनी वरील कसोट्या जशाच्या तशा लावू नयेत, एवढेच सांगण्यासाठी लिहितो. डिझेल इंजिनात हवा अडवून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार केला जात नाही. ब्रेकच्या बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या मागे किंवा कॅमशाफ्टच्या टोकाला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. माझ्या टर्बो डिझेलला चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की मोठा ‘हूऽस्स’ असा आवाज येई, पिकअप पडलेला असे आणि मागे काळा धूर दिसे. आयडलला मात्र गाडी एकदम शांत. इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप क्लॅम्पच्या कडेला फाटला होता. उभ्या गाडीत फट मिटलेली असायची आणि टर्बोचा दाब आला की उघडायची. ती जागा सापडली ती ऑइलच्या डागावरून : टर्बोच्या हवेबरोबर ऑइलचे सूक्ष्म कण येतात आणि गळतीच्या तोंडाशी ओलसर, काळा, धूळ चिकटलेला पट्टा उमटतो. डिझेल गाडीत रेस दिल्यावर वाढणारा आवाज असेल तर हातात टॉर्च घेऊन आधी हा डाग शोधावा.

चाकोरी (ठाणे) :

प्रश्नकर्त्यांची गाडी निव्वळ पेट्रोलवर चालते असे धरून सर्वांनी लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु हा धागा पुढे शोधून वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे सीएनजी गाडी असेल, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सीएनजीच्या टाकीत भरताना सुमारे २०० बार दाब असतो. इंजिन बंद असतानाही ‘सुस्स’ आवाज येत असेल, किंवा आवाजाबरोबर गॅसला मुद्दाम दिलेला तो उग्र वास येत असेल, तर वर सांगितलेल्या चाचण्यांपैकी एकही करू नये. गाडी मोकळ्या हवेत असेल तर तिथेच उभी करावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांना खाली उतरवावे, टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि दारे, डिकी उघडी ठेवावीत. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये वास आला तर तिथे दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये आणि गाडी सुरू करून बाहेर काढण्याचा मोह टाळावा. पुढचे काम अधिकृत सीएनजी फिटरचे आहे. पाना घेऊन स्वतः जोड आवळणे हा धोका पत्करण्यासारखा प्रकार नाही. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख उलटून गेली आहे का, हे या निमित्ताने पाहून घ्यावे.

तसेच तापमानाचा काटा चढलेला असताना येणारा ‘सुस्स’ हा बहुधा कूलंटच्या वाफेचा असतो. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडताच ते एकदम उकळून अंगावर येते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्या झाकणाला हात लावू नये.

वैराटगड (सातारा) :

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना तपासणीला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत कारण सापडले.

पेडल दाबून इंजिन सुरू करण्याच्या परीक्षेत पेडल खाली गेले, पण फार सावकाश गेले. इंजिन बंद करून थांबल्यावरच्या परीक्षेत मात्र पहिले दोन दाब मऊ लागले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि बूस्टर व्हॅक्यूम धरून ठेवत आहेत. त्यामुळे दोष व्हॉल्व्हच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला असावा असे वाटले. कानाशी पाइप धरून ऐकले तेव्हा थ्रॉटल बॉडीपाशी आवाज साधारणच होता. मॅनिफोल्डवर जिथे बूस्टरचा होज बसतो तिथे तो इतका मोठा झाला की पाइप कानापासून दूर करावा लागला. वरून पाहताना होज अगदी धड दिसत होता. क्लिप मागे सरकवून होज बोटांनी वर वाकवला तेव्हा खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला लागूनच, एक आडवी चीर उघडली. सोडला की ती मिटून दिसेनाशी होत होती. त्या जागी रबर कडक आणि तकतकीत झाले असून अंगठ्याला काळी पूड लागत होती. चिरेच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूने होज फडक्याने दाबला तर आवाज तसाच राहिला. चिरेवर अंगठा घट्ट धरला तेव्हा तो पूर्ण थांबला आणि आरपीएम ८०० च्या जवळ येऊन स्थिरावला.

उंदरांचा उपद्रव असावा असे घरच्यांचे मत होते, कारण पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदीर दिसतात. पण कुरतडल्याच्या खुणा कुठेही नाहीत. जवळच्या उष्णतेने रबर वाळून चिरले आहे, हे उघड दिसते.

आता दोन शंका आहेत. इथल्या एका दुकानात त्याच जाडीचा पेट्रोलचा होज कापून देतो म्हणाले आणि तो कंपनीच्या होजपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. तो चालेल का? आणि चीर टोकालाच असल्यामुळे तेवढा भाग कापून उरलेला होज परत बसवला तर काम भागेल का?

पाना-पक्कड (सांगली) :

तपासणी उत्तम झाली आहे. अंगठ्याने आवाज थांबला आणि आरपीएम जागेवर आला, याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

टोक कापून होज परत बसवण्याचा उपाय गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरता ठीक आहे. एका टोकाला रबर वाळले म्हणजे उरलेला होजही त्याच वयाचा असतो, आणि कापल्यामुळे तो आखूड होऊन इंजिन हलताना ताणला जातो. पेट्रोलचा होज घेऊ नये. तो आतून बाहेर येणारा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो. बूस्टरच्या होजवर बाहेरून आत येणारा दाब असतो, आणि भिंत त्यासाठी बनवलेली नसेल तर गरम झाल्यावर, विशेषतः वळणाच्या जागी, होज आतल्या आत चपटा होतो. बाहेरून तो धड दिसतो, आवाजही येत नाही, आणि बूस्टरला व्हॅक्यूम मात्र पोहोचत नाही. म्हणून आपल्या गाडीच्या मॉडेलसाठीचा, वळणासकट घडवलेला होजच मागवावा. बऱ्याच गाड्यांत एकमार्गी व्हॉल्व्ह होजबरोबर जोडूनच येतो; वेगळा येत असेल तर त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे ना, हे बसवण्यापूर्वी पाहावे, कारण हवा बूस्टरकडून इंजिनाकडेच ओढली गेली पाहिजे. तो उलटा बसला तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळणारच नाही. क्लिपाही नव्याच घ्याव्यात. जुन्या क्लिपांचा ताण गेलेला असतो.

होज बसवताना रबरावर ग्रीस किंवा ऑइल लावू नये, किंचित पाण्याने ओला केला तरी तो सरकतो. बसल्यावर इंजिन गरम होऊ द्यावे, एसी आणि दिवे बंद ठेवून काही मिनिटे आयडलला चालू द्यावे. थ्रॉटल बॉडी नुकतीच साफ झालेली असल्यामुळे आयडल लगेच जागेवर आला नाही, तर स्कॅनरवरून आयडलचे लर्निंग (ईसीयूने लक्षात ठेवलेली जुनी सवय) रीसेट करून घ्यावे. त्यानंतर पेडलच्या दोन्ही परीक्षा पुन्हा कराव्यात, आणि शेजारचा पीसीव्हीचा होज त्याच उष्णतेत तितकीच वर्षे राहिलेला आहे, म्हणून तोही वाकवून पाहावा.